कोठ्यातली गोष्ट

शाळेच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं पत्र आलं. बसलो शाळेवर लिहायला आणि लिहीत गेलो सरांवर. मराठीचे सर. आपल्या शाळेत नुसतं ‘सर’ म्हटलं की कोणते, हे विचारावं लागत नाही. बाकीच्यांना आडनावं होती. त्यांनीही शिकवलं, नाही असं नाही. विज्ञानाच्या बाई नसत्या तर मी ढोरांचा डॉक्टर झालो नसतो. पण त्यांच्यावर दुसरं कोणी लिहीलच.

आठवीची सहामाही. निबंधाचा विषय ‘शेतकऱ्याचा दिवस’. मी लिहिलं, ‘पहाटे उठून बाबा कोठ्यात जातात.’ पेपर तपासणाऱ्यांनी (ते सर नव्हेत) कोठ्याभोवती लाल गोल काढला, वर ‘गोठा’ लिहिलं, अर्धा गुण कापला आणि समासात शेरा मारला, ‘शुद्ध लिहा’. आता आमच्या मराठवाड्यात, कळमनुरीकडं ढोरं कोठ्यातच बांधतात. शेतात बांधली तर तो आखाडा. पाहुणे ‘आखाड्यावर’ म्हटलं की कुस्ती समजतात, तो भाग वेगळा.

सरांनी माझ्या हातातला पेपर पाहिला. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन शब्द लिहिले : गोष्ठ आणि कोष्ठ. गाई जिथं उभ्या राहतात ती जागा म्हणजे गोष्ठ. प्राकृतात त्याचं गोट्ठ झालं, मराठीत गोठा. कोष्ठ म्हणजे बंदिस्त खोली, साठवणीची जागा. त्याचा झाला कोठा. कोठी आणि कोठार त्याच घरचे, आणि गणिताच्या मास्तरांचं कोष्टकही. ‘पोट साफ नसलं की आजी काय म्हणते?’ सरांनी विचारलं. सगळा वर्ग ओरडला, ‘कोठा बिघडला!’ ‘मग याच्या बाबांनी कोठ्यात जाऊन काय चूक केली?’ अर्धा गुण परत मिळाला, खाली सरांची सही. तो पेपर आईनं बरीच वर्षं ट्रंकेत ठेवला होता.

तास संपायला अवकाश होता, म्हणून सर पुढं निघाले. गोष्ठावरून गोष्ठी, म्हणजे जमलेली माणसं आणि त्यांचं बोलणं. ज्ञानेश्वरीत ‘गोठी’ येते ती हीच. ज्ञानोबा आपल्या आपेगावचे, हे सांगितल्याशिवाय सर पुढं जात नसत. त्या गोठीची आपली गोष्ट झाली. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, ‘सर, मग आमचा बैल बी गोष्ट सांगतो का?’ सर म्हणाले, ‘तू बसतोस का कधी त्याच्यापाशी ऐकायला?’

सरांचं शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दूतून झालेलं. त्यामुळं फारसी-अरबी शब्द ते घरच्यासारखे काढत. तबेला हा अरबी ‘तवीला’वरून, म्हणजे मुळात घोडे बांधायची लांब दोरी. दोरीचं नाव इमारतीला बसलं. घोड्यांची पागा फारसी ‘पायगाह’वरून, आणि हैदराबादचे पायगा जहागीरदारही त्याच शब्दातले. गोत्राचा जुना अर्थही गाईंचं आवार, हे सांगून त्यांनी वर्गातल्या दोन-चार जणांची छाती जरा खाली उतरवली. हे सगळं ते ग्रंथालयातल्या मोल्सवर्थच्या जाडजूड मराठी-इंग्रजी कोशाशी ताडून पाहत. कोश 1857 च्या आवृत्तीचा, अर्थात पुनर्मुद्रण. समासात पेन्सिलीनं आपल्या भागातले शब्द भरत. ‘कोठा’पुढं त्यांनी काय लिहिलं होतं ते मी स्वतः वाचलंय : ‘आमच्याकडे ढोरांचाही.’

पुढं परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, नोकरीत मराठवाडाभर फिरलो. लाल कंधारी ही गाई-बैलांची जात जपणाऱ्या शेतकऱ्यांचा गट उभा केला, त्याबद्दल सत्कारही झाला. सर तेव्हा नव्हते. ते असते तर ‘कंधारी’ शब्दावर बोलले असते, माझ्यावर नाही.

2013 च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातल्या चारा छावणीवर होतो. छावणी म्हणजे मुळात छावणं, शाकारणं. आधी छप्पर, मग लष्कराचा तळ. तिथं छप्पर म्हणजे पाचट किंवा शेडनेट. ढोरांपाशी माणसंही मुक्कामाला. दिवसा चाऱ्याचं वजन आणि टँकरची वाट. अंधार पडला की दावणीच्या कडेनं बाजा पडत आणि बोलणं सुरू होई. कुणाच्या पोरीचं लग्न मोडलं, कुणाची बोअर आटली, कुणी बैल विकायचा ठरवून बाजारातून परत आणला. मी लसीचा डबा घेऊन हिंडत होतो आणि सरांचा तो आठवीचा तास तिथं समोर चालू होता. गाईंच्या जागेला माणसं जमतात म्हणून गोष्ट झाली, हे फळ्यावर पाहिलं तेव्हा पाठ केलं होतं. पटलं तिथं.

आता गावात कोठा राहिला नाही. सरकारी अर्जात ‘गोठा’ आणि पोरांच्या तोंडी ‘शेड’. ट्रॅक्टर आल्यापासून बैलही मोजकेच. शाळेला लागून ग्रामपंचायतीचा कोंडवाडा होता, जिथं दंड भरून म्हैस सोडवायला आलेली बाई आमच्या खिडकीतून ‘किती वाजले रे?’ विचारायची, तिथं आता मोबाईलची दुकानं आहेत. दुकानांना माझा विरोध नाही. पण मराठीच्या तासाला सरांसारखं विषय सोडून जाणारं आज कोणी आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारायला हवं. अभ्यासक्रम पूर्ण होतो म्हणतात.

कार्यकारिणीला एक विनंती. सरांच्या पेन्सिलीच्या नोंदी असलेला तो कोश ग्रंथालयाच्या खिडकीकडच्या कपाटात, खालच्या फळीवर असायचा. पाठीची बांधणी तेव्हाच सुटली होती. असला तर बांधणीचा खर्च मी देतो, आणि नोंदींची पानं स्कॅन करून ठेवायचं कामही माझ्याकडं द्या. समारंभाला दोन दिवस आधीच येतोय.