तुम्ही विचारलंत म्हणून: यातलं खरं किती?

कादंबरीचा खर्डा ज्यांनी ज्यांनी वाचलाय त्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी मला हेच विचारलंय, की त्या गुप्त मंडळ्या, रात्री शेकोटीभोवतीचे विधी, गाडीत कोंबून पळवलेला माणूस, प्रमुखांना लाच देऊन करून घेतलेले छुपे करार, हे सगळं खरंच घडलंय का तुझ्या डोक्यातून आलंय? दर वेळी तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहूनच टाकते.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गोष्ट न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात घडते, रॉचेस्टर, बटाव्हिया, कॅनन्डेग्वा, ऑरोरा या पट्ट्यात, एक धागा 1840 च्या दशकातला आणि दुसरा 1989 सालचा. नायिका जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात काम करते, तिला एका बंद पडलेल्या क्लबची लाकडी पेटी मिळते, पेटीत असायला हवा तो एक करार नसतो आणि मग त्याचा शोध सुरू होतो. यातली नायिका माझी, पेटी माझी आणि तो एक हरवलेला करार माझा. बाकी जे जे वाचताना तुम्हाला वाटलं असेल की काय पण रचते ही बाई, ते बहुतेक सगळं घडलेलं आहे.

गायब झालेल्या माणसापासून सुरुवात करते कारण सगळ्यात जास्त शंका त्याच्यावरच येते. विल्यम मॉर्गन, बटाव्हियात राहायचा, दगड घडवायचं काम करायचा. त्याने जाहीर केलं की फ्रीमेसन, म्हणजे गुप्त विधी करणारी एक बंधुमंडळी, त्यांची गुपितं मी पुस्तकात छापणार. 1826 च्या सप्टेंबरमध्ये त्याला किरकोळ उधारीच्या तक्रारीवरून कॅनन्डेग्वाच्या तुरुंगात टाकलं, मग कोणीतरी येऊन ते पैसे भरून त्याला सोडवलं, बाहेर येताच जबरदस्तीने घोडागाडीत घातलं आणि थेट फोर्ट नायगाराला नेऊन ठेवलं, तिथून पुढे तो माणूस कोणालाही दिसला नाही. पाहुण्यांना नायगारा दाखवायला आपण नेतो ना, तिथून थोडंच पुढे, नदी तलावाला मिळते तिथे हा किल्ला अजून उभा आहे. लोक इतके भडकले की मेसन्सच्या विरोधात अख्खा राजकीय पक्ष उभा राहिला, अमेरिकेतलं पहिलं राष्ट्रीय पक्ष-अधिवेशन भरवलं ते याच अँटी-मेसॉनिक पार्टीने, 1831 मध्ये बाल्टिमोरला. आणि या लाटेत गावोगावची मेसॉनिक लॉज, म्हणजे त्यांची सभेची घरं, ओस पडली. माझ्या गोष्टीला हीच गोष्ट हवी होती, रिकामी लॉज.

कारण पुढे काय झालं बघा. कायुगा तलावाच्या काठी ऑरोरा नावाचं लहानसं गाव आहे, तिथल्या अशाच वापरात नसलेल्या मेसॉनिक लॉजमध्ये 1840 च्या सुमाराला काही शिकलेली तरुण पोरं जमायला लागली. क्लबचं नाव आधी गॉर्डियन नॉट, म्हणजे ग्रीक वळणाचं, नंतर त्यांना वाटलं आपण अमेरिकन आहोत तर इथलंच काहीतरी घ्यावं, म्हणून ते झाले ग्रँड ऑर्डर ऑफ द इरोक्वॉय. अंगावर इंडियन, म्हणजे अमेरिकेतल्या मूलनिवासींचे पोशाख, हातात टॉमहॉक ही लहान कुऱ्हाड, रात्री शेकोटीभोवती सभा, प्रत्येकाला नवीन नाव, नवा सभासद घ्यायचा स्वतंत्र गुप्त विधी, वेगवेगळ्या गावांत शाखा. यांचा पुढारी होता लुइस हेन्री मॉर्गन, पेशाने वकील. (आडनाव तेच पण गायब झालेल्या मॉर्गनचा आणि याचा संबंध नाही, वाचताना घोटाळा होतो म्हणून सांगितलं. कादंबरीत मी या जुळणीचा फायदा घेतलाय, नायिका पहिली तीन प्रकरणं चुकीच्या मॉर्गनच्या मागे असते.)

आता ज्यांचे पोशाख हे लोक घालत होते ती माणसं काही इतिहासजमा झालेली नव्हती, शंभरेक मैलांच्या आत राहत होती. इरोक्वॉय हे नाव आपल्याकडे फ्रेंचांकडून आलं, ते स्वतःला होडेनोशोनी म्हणतात, लांबघरातले लोक. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा आणि सेनेका ही पाच राष्ट्रं, 1722 च्या सुमाराला टस्करोरा आले तेव्हा सहा झाली. एकमेकांत सूडावर सूड चाललेले असताना शांतिदूत आणि हायवाथा या दोघांनी त्यांना एकत्र आणलं, ओनोंडागाचा ताडोडाहो, ज्याच्या केसांत साप वळवळायचे असं सांगतात, तो सगळ्यात शेवटी वळला आणि त्यालाच सभेचा प्रमुख केलं. पांढऱ्या पाइनच्या झाडाखाली हत्यारं पुरली. प्रमुख नेमायचा आणि नीट वागला नाही तर काढून टाकायचा अधिकार कुळातल्या बायकांकडे, क्लॅन मदरकडे, आजही. कितीही वेळा वाचलं तरी हा भाग मला थांबवतो. आणि 1779 मध्ये वॉशिंग्टनच्या हुकुमावरून जनरल सलिव्हनचं सैन्य याच मुलखात घुसलं, चाळीसच्या आसपास गावं जाळली, उभा मका कापला, फळबागा तोडल्या. क्लबच्या पोरांच्या आजोबांच्या पिढीतली गोष्ट ही.

तर 1844 मध्ये हा मॉर्गन ऑल्बनीला, राज्याच्या राजधानीला, गेला होता, तिथे एका पुस्तकाच्या दुकानात त्याला एक सोळा वर्षांचा सेनेका मुलगा भेटला, ईली पार्कर. मॉर्गनला काय, आनंदच झाला, ज्यांच्या नावाने क्लब काढला त्यातला एक जण समोर उभा! तो त्याच्याबरोबर हॉटेलवर गेला, तिथे टोनावांडा या सेनेका वसाहतीचे ज्येष्ठ प्रमुख उतरले होते, जिमी जॉन्सन, जॉन ब्लॅकस्मिथ, आणि मॉर्गनने वही काढून प्रश्नांची सरबत्ती सुरू केली, पार्कर दुभाषा. कादंबरीतलं हे प्रकरण लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण त्या खोलीत दोन्ही बाजूंची कामं वेगळी आहेत. मॉर्गनला क्लबसाठी विधी हवेत, नावं हवीत. आणि समोरची माणसं ऑल्बनीला का आलेली आहेत? आपली जमीन वाचवायला.

ही जमिनीची भानगड म्हणजे माझ्या कादंबरीचा कणा. 1838 मध्ये बफेलो क्रीकचा तह झाला, त्यात न्यूयॉर्कमधल्या सेनेकांच्या उरलेल्या चारही वसाहती ऑग्डेन लँड कंपनीच्या घशात गेल्या आणि लोकांनी मिसिसिपीपलीकडे निघून जायचं असं ठरलं. सह्या कशा मिळवल्या? दारू, धमक्या, आणि काही प्रमुखांशी वेगवेगळे गुप्त लेखी करार, तू सही कर, तुला इतके पैसे, तू हयातभर तुझ्या जागेवर राहा. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी 1840 मध्ये ही सगळी कागदपत्रं छापून चव्हाट्यावर मांडली म्हणून आज आपल्याला माहिती आहेत. 1842 मध्ये तडजोड होऊन दोन वसाहती परत मिळाल्या पण बफेलो क्रीक आणि टोनावांडा गेलंच, आणि टोनावांडाच्या प्रमुखांनी तर सहीच केली नव्हती! ते हलले नाहीत. कंपनीच्या माणसाने जॉन ब्लॅकस्मिथला, तोच जो ऑल्बनीच्या हॉटेलात बसला होता, त्याच्या लाकूड कापायच्या गिरणीतून जोर करून बाहेर काढलं, त्याने दावा लावला, दावा वरवर जात सुप्रीम कोर्टात पोचला आणि 1857 मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला, पण तोवर तो बिचारा हयात नव्हता. त्याच वर्षी नवा तह झाला आणि टोनावांडाच्या लोकांनी स्वतःच्याच जमिनीतली साडेसात हजार एकर पैसे मोजून परत विकत घेतली.

माझा रचलेला करार या गुप्त करारांपैकीच एक, क्वेकरांच्या हाती न लागलेला, एवढंच.

दुसरा प्रश्न लगेच येतो, की सेनेकांच्या स्वतःच्या गुप्त मंडळ्या आहेत ना, मुखवटे घालणाऱ्या, औषधं देणाऱ्या, त्या कादंबरीत का नाहीत, केवढा थरार आला असता! आहेत मंडळ्या. शंभर वर्षांपूर्वी त्यांच्यावर लिहिलंही गेलंय, संग्रहालयांत मुखवटे मांडलेही गेलेत. पण होडेनोशोनींच्या महासभेने स्पष्ट सांगितलंय की हे मुखवटे विकू नका, प्रदर्शनात लावू नका, त्यांचे फोटो नकोत. ते बरं होण्यासाठीचे विधी आहेत, आजारी माणसासाठी केलेले. मी त्यांना माझ्या सतराव्या प्रकरणात धुक्यातून बाहेर आणायचं आणि वाचकाच्या अंगावर काटा आणायचा, हे मला पटलंच नाही आणि कधी पटणारही नाही. एका घरात देवघराचं दार लावलेलं आहे म्हणून तिथे कट शिजतोय असं आपण म्हणत नाही. कट शिजत होता तो कंपनीच्या ऑफिसात, आणि गुपितांचा शौक होता तो क्लबातल्या वकिलांना, म्हणून माझी सगळी गुप्तता त्या बाजूला आहे. होडेनोशोनींचा कायदा तर भर सभेत, सगळ्यांसमोर म्हटला जातो.

आणि हे ज्यांच्या आधारे म्हटलं जातं ते वाम्पम पट्टे, शिंपल्याचे मणी गुंफून केलेले. हायवाथा पट्टा डोळ्यांसमोर आणा: शिंपल्याच्या जांभळ्या मण्यांची जमीन, मधे पांढऱ्या मण्यांचं झाड, झाडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन पांढरे चौकोन, आणि सगळ्यांना जोडणारी एक रेघ जी शेवटच्या चौकोनापाशी थांबत नाही, पट्ट्याच्या काठापर्यंत जाते, दोन्हीकडे. झाड म्हणजे ओनोंडागा, चौकोन म्हणजे बाकीची चार राष्ट्रं, आणि बाहेर जाणाऱ्या रेघा ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी. मण्याला मधोमध भोक पाडायचं म्हणजे किती चिकाटीचं काम, शिंपला केवढा कठीण असतो! हा पट्टा 1890 च्या दशकात ओनोंडागांच्या हातून गेला, फिरत फिरत ऑल्बनीचे मेयर जॉन बॉइड थॅचर यांच्याकडे पोचला, ओनोंडागांनी कोर्टात भांडण केलं आणि ते हरले, कोर्टाचं म्हणणं असं की तुमचं संघराज्य आता उरलेलंच नाही. पुढे पट्टे न्यूयॉर्कच्या राज्य संग्रहालयात. 1989 मध्ये बारा पट्टे परत ओनोंडागाला आले, त्यात हा होता. माझा दुसरा धागा 1989 चा आहे तो यासाठीच. हरवलेला पट्टा शोधणारी नायिका ही कल्पना मला खूप जणांनी सुचवली, पण पट्ट्यांचं काय झालं ते ओनोंडागांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, त्यात शोधायला काही नव्हतं, परत द्यायला होतं. आणि उरलेलंच नाही म्हणाल तर महासभा आजही भरते, त्यांचे स्वतःचे पासपोर्ट आहेत, 2010 मध्ये त्यांची लक्रॉस या जाळीच्या काठीने खेळायच्या चेंडूच्या खेळाची टीम याच पासपोर्टवर मँचेस्टरला जाणार होती, ब्रिटनने व्हिसा दिला नाही, दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेऊन जाण्यापेक्षा पोरांनी वर्ल्ड चॅम्पियनशिप सोडली.

मराठीत का, हेही विचारतात, म्हणजे आपला काय संबंध. संबंध आहे हो, आणि जवळचा आहे. क्लब मोडल्यावर मॉर्गनने नाटकं सोडून खरा अभ्यास केला, पार्करच्या मदतीने 1851 मध्ये होडेनोशोनींवर मोठं पुस्तक लिहिलं आणि ते पार्करलाच अर्पण केलं. मग तो नात्यांच्या मागे लागला: सेनेकांमध्ये आईची बहीणही आई, बापाचा भाऊही बाप, आणि त्याला दक्षिण भारतातल्या तमिळ लोकांत तशीच रचना सापडली तेव्हा तो हरखून गेला. पुढे त्याचं 1877 चं पुस्तक मार्क्सने टिपणं काढत वाचलं, त्यावरून एंगल्सने कुटुंबसंस्थेवर लिहिलं, आणि तिथून ते आपल्या कॉम्रेड डांग्यांपर्यंत आलं, त्यांनी प्राचीन भारतातला गणसमाज मांडला तो याच चौकटीत. आपल्याकडे मातृसत्ता, गण, टोळी यावर जे वाद झाले, ज्यात माझ्या वडिलांच्या पिढीतले लोक रात्र रात्र भांडले, त्यांच्या मुळाशी टोनावांडाच्या बायकांनी आणि म्हाताऱ्यांनी सांगितलेली माहिती आहे. त्यांचं नाव मात्र आपल्याकडे कोणी घेतलं नाही.

राहता राहिला पार्कर, ज्याच्याबद्दल वाचक म्हणतात की एका माणसाच्या आयुष्यात एवढं कसं घडेल, जरा कमी कर. कमी कसं करू? तो कायदा शिकला पण नागरिक नाही म्हणून वकिली करू दिली नाही, मग इंजिनियर झाला, 1851 मध्ये त्याला प्रमुखपद मिळालं, अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेचा सेनापती ग्रँट याच्या स्टाफवर गेला आणि 9 एप्रिल 1865 ला ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेचा सेनापती ली याच्या शरणागतीच्या अटींची पक्की प्रत लिहिली ती याच्याच सुवाच्य अक्षरात. 1869 मध्ये अमेरिकन सरकारच्या मूलनिवासींसाठीच्या इंडियन खात्याचा कमिशनर झाला, त्या खुर्चीवर बसलेला पहिला मूलनिवासी. वर तो फ्रीमेसनही होता! हे मी रचलं असतं तर संपादकाने खरंच काढायला लावलं असतं.

शेवटाबद्दल काही जण नाराज आहेत. नायिकेला करार मिळतो, ती तो छापत नाही, कोणत्या संग्रहालयालाही देत नाही, टोनावांडाला नेऊन देते आणि कादंबरी तिथेच थांबते. त्यात ज्याची सही आहे त्याचे वंशज तिथे राहतात, पुढे काय करायचं ते त्यांनी ठरवायचं, आणि ते दृश्य लिहायचा हक्क मला आहे असं मला वाटत नाही, म्हणून ते बदलणार नाही. आणि ज्यांना खरं किती ते स्वतः बघायचंय त्यांच्यासाठी, 11 नोव्हेंबर 1794 ला कॅनन्डेग्वाला सहा राष्ट्रं आणि अमेरिका यांच्यात तह झाला, त्यानुसार अमेरिकन सरकार दर वर्षी जे कापड द्यायचं ते अजूनही देतं, आणि दर 11 नोव्हेंबरला तिथल्या कोर्टहाउसपाशी लोक जमतात, कोणीही गेलं तरी चालतं. तलावावरचा वारा फार बोचरा असतो, तेव्हा जाडसर जॅकेट घालून जा.