वीस शिलिंग

वीस केनियन शिलिंगांसाठी घासाघीस कशाला केली, हे दुपारपासून डोक्यातून जात नाहीये. आपले जेमतेम तेरा-चौदा रुपये.

नैरोबीतल्या पार्कलँड्सच्या कोपऱ्यावरच्या मामा म्बोगाकडे, म्हणजे भाजीवालीकडे, तराजू नसतो. टोमॅटो चार-चारांचे रचलेले, ढिगाला ५०. मऊ पडलेला हमखास मागच्या बाजूला, म्हणून उचलण्याआधी ढीग फिरवून बघावा. दोन ढिगांचे १०० झाले, मी ‘पुंगुझा किडोगो’, थोडं कमी कर, म्हटलं, तिने मुकाट्याने ८० सांगितले. एवढ्याशा मालावर भाव पाडूच नये. पैसे पुरे द्यावेत आणि ‘ओंगेझा’, म्हणजे वाढव, म्हणावं, की वर एखादा टोमॅटो पडतो. दोघींचंही मन राहतं. हे मला माहीत होतं. माहीत असून.

सुकुमा विकी, इथली रोजची पालेभाजी, तिच्याकडूनच चिरून घेतली. जुडी मुठीत गच्च धरून ती हवेतच सुरीने कातरते, दोऱ्यासारखी बारीक. पण पानं आधी धुवायला सांगावीत. चिरल्यावर धुतली तर माती आत राहते, भाजीला पाणी सुटतं. चिरलेली भाजी रात्रभर ठेवली तर सकाळी वास मारते.

पैसे एम-पेसाने, म्हणजे मोबाइलवरून. मेन्यूत लिपा ना एम-पेसा, मग बाय गुड्स, तिचा टिल नंबर, म्हणजे विक्रेत्याचा क्रमांक, रक्कम, पिन. चुकून बिलं भरायचा पर्याय, पेबिल, निवडला की ते खाते क्रमांक मागतं आणि गाडं तिथेच अडतं. तिच्या फोनवर मेसेज वाजला, तेव्हा पिशवी माझ्या हातात आली. माझ्या फोनमध्ये तो ८० चा मेसेज अजून आहे. पुसत का नाही मी?

मग ती शेजारणीला काहीतरी बोलली. त्यात ‘मुहिंदी’ ऐकू आलं आणि दोघी हसल्या. मुहिंदी म्हणजे भारतीय. जुलै २०१७ मध्ये केनियाने इथल्या आशियाई वंशाच्या लोकांना, म्हणजे मुख्यतः आपल्याच, देशाची ४४ वी जमात मानलं. दुका (दुकान), गारी (गाडी), चपाती हे शब्द तर इथल्या बोलीत कधीचे मुरलेत, कोथिंबिरीला धनिया म्हणतात. तरी रस्त्यावर शेवटी मी कोण, तर वीस शिलिंगांना चिकटलेली बाई. इतक्या लांब येऊन हेच कमवायचं होतं? आईला आज फोन केला नाही, ते वेगळंच.

आत्ता ताट धुताना आठवलं. ती शेजारीण कोळशाच्या शेगडीवर कणसं भाजत होती. आणि कणसांना इथे म्हणतात माहिंदी! मु होता की मा, देव जाणे. मी इकडे सहा तास झुरतेय आणि तिकडे बहुतेक मक्याची चौकशी चालली होती.

उद्या एक कणीस घेणार. इथला मका पांढरा, टणक. सोललेल्या टोकाशी दाण्यात नख रुतलं तरच घ्यावं, नाहीतर जबडा दुखतो. लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवून चोळून देतात. सांगेल तो भाव देईन. ओंगेझा म्हणून फार तर लिंबू जास्त चोळायला सांगेन.