कुंडीतलं वांगं: फुलगळ, शेंडेअळी आणि तोडणी

वांगं लावायचं ठरवलं तेव्हा ज्याला विचारावं तो एकच सांगे, "कीड फार लागते." ते खरंच आहे. पण माझा जीव आधी टांगणीला लावला तो फुलांनी.

रोपं बियांपासूनच केली. वांग्याच्या बियाला ऊब लागते. माती 25 ते 30 अंशांच्या आसपास असली की आठवडा-दहा दिवसांत कोंब दिसतात, गारठ्यात बी नुसतं पडून राहतं. चार-पाच खरी पानं (कोंबासोबत येणाऱ्या पहिल्या दोन पानांनंतरची) फुटल्यावर रोपं कुंड्यांत हलवली. कुंडीच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे: 14-15 इंचांहून लहान नको, आणि एका कुंडीत एकच झाड. ज्या मातीत आधी टोमॅटो-मिरची झाली होती ती घेतली नाही. ही सगळी एकाच कुळातली, आणि मर रोगाचे जिवाणू मातीत टिकून राहतात. नव्या मातीत शेणखत, कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळली.

झाडं जोमात वाढली, जांभळी फुलं आली आणि टपाटप गळू लागली. गळलेली फुलं हातात घेऊन नीट पाहिली तेव्हा उलगडा झाला. वांग्याची सगळी फुलं सारखी नसतात. काहींत मधला किंजल, म्हणजे पराग झेलणारी दांडी, पिवळ्या परागकोशांच्या वर डोकं काढतो, तर काहींत तो आखूड असतो आणि आतच दडतो. आखूड किंजलाच्या फुलांना सहसा फळ धरत नाही, ती गळणारच. त्यांची काळजी मी सोडली.

पण लांब किंजलाची फुलंही गळत होती. वांग्याचे पराग परागकोशाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रांतून सांडतात. भुंगा फुलाला बिलगून पंखांचे स्नायू थरथरवतो तेव्हा ते भरपूर बाहेर पडतात; नेहमीच्या मधमाशीला ही थरथर जमत नाही. माझ्या झाडांकडे भुंगे फिरकत नव्हते. म्हणून सकाळी उमललेल्या फुलांच्या देठाला मी बॅटरीवरचा टूथब्रश क्षणभर टेकवू लागले. फुलोऱ्यात शेणखताचं पाणीही थांबवलं, कारण नत्र जास्त झालं की झाड पाल्यावर जातं. फळं धरू लागली आणि मला कोण आनंद झाला!

मग शेंडेअळी आली. भर उन्हात एखादाच शेंडा मान टाकतो आणि बाकीची पानं ताठ असतात, तेव्हा पाणी कमी पडलेलं नसतं, आत अळी असते. मान टाकलेला शेंडा थोडा खालून कापायचा, चीर देऊन आतली फिकट गुलाबी अळी बघायची आणि सगळं साबणाच्या पाण्यात बुडवायचं. एकदा अळी फळात शिरली की वरून फवारलेलं काही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. निमतेल मी वापरते, लिटरला 5 मिली, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनेही. तरी खरा भरवसा कात्रीवरच, आणि रोज सकाळी शेंडे बघण्यावर. या अळीचे नर पतंग पकडायला कामगंध सापळाही (मादीच्या गंधाने नराला ओढणारा) लावला.

तोडणीला साल बघावी. फळ चकाकतं तोवर कोवळं. चमक गेली की बिया कडक होऊ लागतात. झाडावर जून फळं ठेवली तर नवी फुलं कमी येतात, म्हणून मी आकाराची वाट बघत नाही. देठासह कात्रीने कापते, ओढत नाही, नाहीतर फांदी सोलवटते.

पहिला बहर ओसरल्यावर फांद्या निम्म्यावर छाटल्या आणि शेणखत दिलं. एका झाडाला मात्र नवी पानं अगदी बारकी, झुपकेदार येऊ लागली. तो पर्णगुच्छ. रोगट झाड त्यातून बरं होत नाही आणि तुडतुडे तो रोग शेजारच्या झाडांवर नेतात, म्हणून ते मुळासकट उपटलं. बाकीची झाडं छाटणीनंतर पुन्हा फळांवर आहेत.