आमची वाटचाल : टेबल मागे गेलं, टेबल पुढे आलं

डिचोलीच्या बाजारात एक बंद गाळा सहा आठवडे काचांना जुनी वर्तमानपत्रं चिकटवून उभा होता. आत काय होणार यावर माझ्यासमोरच पैजा लागायच्या. समोर म्हणजे अगदी समोर. माझं दहा बाय आठचं टीव्ही-मिक्सरच्या रिपेरीचं दुकान रस्त्याच्या पलीकडेच होतं. लोक चहा पिता पिता बोट दाखवायचे, "कितें जाता रे हांगा?" एकाने बँक सांगितली. दुसऱ्याने बार ठरवूनच टाकला. गोव्यात रिकामा गाळा दिसला की पहिला अंदाज तोच. मी सोल्डरिंगमधून मान वर काढत नव्हतो. गाळा मीच घेतला होता, पण बायकोची ताकीद होती : कर्ज मंजूर होऊन देवाचा कौल मिळेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

शाळेच्या पोरांनी खालच्या कोपऱ्यात कागदाला रुपयाएवढं भोक पाडलं. मी ते बुजवलं नाही. रोज संध्याकाळी तिथे एक डोळा लागलेला असायचा.

रिपेरी मी १९९९ साली सुरू केली. तेव्हा पिक्चर ट्यूबचे टीव्ही, तारवटी मंडळींनी जहाजावरून आणलेले टेपरेकॉर्डर, आणि पावसाळा लागला की ओल धरलेल्या सेटांची रांग. २०१२मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या बाजाराचं कंबरडं मोडलं. ट्रकवाल्यांचे हप्ते थकले, गॅरेजवाला बसला, हॉटेलवाला बसला. माझं काम मात्र वाढलं, कारण नवं कोणी घेईना. शेजाऱ्याच्या पडत्या काळात आपला गल्ला भरतो, हे सांगताना आजही बरं वाटत नाही, पण झालं ते असं.

मग सपाट टीव्ही आले आणि हिशोब उलटला. पॅनल फुटला की त्याची किंमत जवळपास नव्या टीव्हीएवढी. गिऱ्हाईक विचारायचं, "मग कुठला घेऊ?" मी अर्धा तास समजावायचो. ते म्हापशाला जाऊन किंवा मोबाइलवरून घ्यायचं आणि भिंतीवर लावायला मलाच बोलवायचं. सल्ला माझा, बिल दुसऱ्याचं. अशी चार-पाच वर्षं गेल्यावर बायको म्हणाली, आता बिलही आपणच फाडू.

उद्घाटन १५ ऑगस्ट २०२५, शुक्रवार. सुट्टी, लोक मोकळे, आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, बारा दिवस. सकाळी गाऱ्हाणं घातलं, नारळ फोडला, कागद उतरवले. आत भिंतीवर सात टीव्ही. सातही चालू ठेवून त्यांवर लाल किल्ल्यावरचं भाषण लावायची कल्पना माझी. पन्नासेक माणसं जमली होती, पोरं पुढे. आणि भाषणात पंतप्रधानांनी सांगितलं की दिवाळीपर्यंत जीएसटी कमी करणार.

सात पडदे, सात स्पीकर. माझ्याच दुकानाने माझ्याच गिऱ्हाइकांना बजावलं की घाई करू नका.

मागे उभे असलेले एक मास्तर शांतपणे म्हणाले, "पात्रांव, मगे दिवाळेक येतां." म्हणजे, शेठ, मग दिवाळीलाच येतो. लोक हसले, मीही हसलो. पेढे सगळ्यांनी खाल्ले. त्या दिवशी विकलं काय, तर नऊ वॅटचे बारा बल्ब, दोन टॉर्च आणि मिक्सरच्या भांड्याचा एक रबर.

पुढच्या आठवड्यात दुसरी गोष्ट लक्षात आली. दार काचेचं, आत एसी, फरशी चकचकीत. लोक पायऱ्यांवर चपला काढून आत यायचे. पाऊस धो धो, चपला भिजताहेत, आणि आत माणसं अनवाणी, हात मागे बांधून, देवळात फिरावं तशी टीव्हींसमोरून फिरताहेत. भाव विचारायचा नाही, बोट लावायचं नाही. एका काकींची एक चप्पल कुत्र्याने पळवली. मी बाजारातून नवा जोड आणून दिला. दुकानातली पहिली एक्स्चेंज ऑफर ती. जाता जाता त्या म्हणाल्या, "आतां रिपेरी करपाचें सोडलें कितें?" हा प्रश्न मला त्या आठवड्यात कितीजणांनी विचारला, मोजला नाही. रिपेरीचं टेबल मी मागच्या खोलीत पडद्याआड ढकललं होतं. शोरूममध्ये सोल्डरचा वास नको, असं मला कोणीतरी सांगितलं होतं आणि मला ते पटलं होतं.

चवथीने मात्र सावरलं. मोठे टीव्ही जागचे हलले नाहीत, पण मिक्सर संपले. आमच्याकडे ओल्या नारळाचं वाटण रोजचं, चवथीत तर दिवसभर. पाचशे वॅटचा मिक्सर त्या कामात धापा टाकतो, हे मी जळालेल्या मोटारी उघडून शिकलोय. म्हणून ७५०च्या खालचा मी देतच नाही. ते मिक्सर मी सगळ्यात मागच्या फळीवर मांडले होते. मांडणीतलं मला काय कळतं, ते यावरून समजावं.

३ सप्टेंबरला दिल्लीत निर्णय झाला : एसी आणि ३२ इंचांवरचे टीव्ही २८ टक्क्यांवरून १८वर, २२ तारखेपासून. करापूर्वी ३०,००० रुपये असलेला एसी ३८,४०० ऐवजी ३५,४००ला. तीन हजार वाचत असतील तर मीसुद्धा थांबलो असतो. फ्रिज आणि वॉशिंग मशीन आधीपासूनच १८मध्ये होती, पण हे सांगूनही लोक तेही घेईनात. माल गोदामात आणि कर्जाचा हप्ता पाच तारखेला. त्या रिकाम्या तीन आठवड्यांत मी टेबल पडद्याआडून काढलं आणि दाराजवळ, रस्त्यावरून दिसेल असं मांडलं. वरचा दिवा लावला, उघडा पंखा घेऊन बसलो.

माणसं आत यायला लागली. इस्त्री, रेडिओ, इन्व्हर्टरची बॅटरी, पालीने बिघडवलेलं एसीचं किट, म्हणजे सर्किट बोर्ड. वस्तू टेबलावर ठेवायची आणि दुरुस्त होईपर्यंत मग टीव्ही बघायचे, बटणं दाबायची, भाव विचारायचा. चपला पायात.

२२ तारखेला घटस्थापना होती. सकाळी दहाच्या आत मास्तर आले. दिवाळीचं बोलले होते, महिनाभर आधीच आले. त्रेचाळीस इंचांचा ठरवला, मग विचारलं, "अर्थिंग तूंच पळयतलो मरे?" म्हणजे तूच बघशील ना. मी मीटर घेऊन त्यांच्या घरी गेलो. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची जमीन, जुना खड्डा, अर्थिंग नावालाच. ते नवं करून दुसऱ्या दिवशी टीव्ही लावला.

काचेचं दार आता दिवसभर लाकडी पाचर मारून उघडंच असतं. एसी कोणाला घ्यायचा असला की तेवढ्यापुरतं लावतो.