न्हाणीचं काचेचं दार: आधी चिऱ्याची भिंत, मग काच

गोव्यातल्या मांद्र्याच्या जुन्या घरातली न्हाणी नवी करायला घेतलीय, तिचा हा पुढचा टप्पा. जुन्या टाइल्स निघाल्या, पाइप भिंतीत गेले. आता शॉवरचं दार ठरवायचं. टाइल्स लागायच्या आधीच, कारण घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, आहे आणि बिजागऱ्या कशाला धरणार हे नंतर ठरवून चालत नाही.

वरची बिजागरी येणार होती तिथं ड्रिल लावून पाहिलं. गिलावा संपेपर्यंत बिट सरळ चाललं, मग एकदम आत घुसलं. बाहेर आला ओलसर तांबडा भुगा, बोटांना चिकटणारा. स्क्रू पकडणारा प्लग ठोकला, तर तो चिमटीत धरून फिरवता येत होता. चिरा वरून येणारा भार वर्षानुवर्षं पेलतो, त्याबद्दल शंकाच नाही. पण त्याच्या पोटात पोकळ्या असतात, मऊ मातीचे कप्पे असतात. स्क्रूला ओढ लागली की भोवतालची कड झिजत जाते. त्यात ही भिंत पावसाच्या तोंडावरची.

ओढ किती, तेही मांडून पाहिलं. काचेचं वजन दर चौरस मीटरला, जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे अडीच किलो. माझं दार ६५० बाय २००० मिमी, म्हणजे १.३ चौरस मीटर. ८ मिमी काचेत २६ किलो, १० मिमीत साडेबत्तीस. बिजागऱ्यांमध्ये १५०० मिमी अंतर ठेवलं, तर ८ मिमीचं दार वरच्या बिजागरीला भिंतीपासून साधारण साडेपाच किलोनं ओढतं. आकडा लहान दिसतो. पण दार उघडताना, मिटताना, कुणी हात टेकला की हा ताण कमीजास्त होत राहतो, दिशाही बदलतो, आणि भुसभुशीत भोकाला तेच सोसत नाही.

गवंडीकाका म्हणाले, ‘‘दादा, चिऱ्याच्या भरवशावर काच टांगू नका.’’ मग बिजागऱ्यांच्या बाजूला जमिनीपासून २१०० मिमी उंचीपर्यंत, दीडशे रुंद आणि पाऊणशे खोल अशी खाच मारली. आत दोन उभ्या सळ्या ठेवल्या आणि १:१.५:३ चं (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट भरलं. भरण्याआधी खाच पाण्यानं चांगली भिजवून घेतली, कारण कोरडा चिरा काँक्रीटमधलं पाणी शोषून घेतो. सात दिवस पाणी मारल्यावर तिथं ड्रिल लावलं, तेव्हा करडा, कोरडा भुगा आला आणि प्लग हातोडीनं ठोकूनच आत गेला. न्हाणी उघडी आहे तोवरच हे काम करून घ्या. टाइल्स लागल्यावर ते जवळपास अशक्य होतं.

भिंत मार्गी लागली तशी काच सोपी झाली. ८ मिमीची साधी पारदर्शक टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली. १० मिमी हाताला दणकट लागते खरी, पण एवढ्या दाराला साडेसहा किलो वाढवण्यात मला अर्थ दिसत नाही. कोपऱ्यात आयएस २५५३ चा, म्हणजे सुरक्षित काचेच्या भारतीय मानकाचा, शिक्का असलेलीच घेणार. उरलेल्या रुंदीत स्थिर काच येईल, ती समोरच्या भिंतीवरच्या यू-चॅनेलमध्ये, म्हणजे काचेची कड धरणाऱ्या धातूच्या खोबणीत. तिथं स्क्रू पूर्ण उंचीभर विभागलेले असतात, म्हणून त्या बाजूला चिरा पुरेल. दार बाहेर उघडणारं. आईचे गुडघे दुखतात, आत ती घसरून पडली तर आत उघडणारं दार तिच्याच अंगाला अडेल. उंबराही ठेवत नाही, शॉवरखालच्या फरशीला मोरीकडे उतार देतोय. काच छतापर्यंत नेणार नाही. पावसाळ्यात वाफ बाहेर पडायला वाट हवीच, नाहीतर सांध्यांत काळी बुरशी धरते.

बिजागऱ्यांवर मात्र पैसे वाचवू नयेत. समुद्राच्या वाऱ्यात क्रोमचा मुलामा दिलेला स्वस्त धातू लवकर फुगतो. ३०४ स्टेनलेसपेक्षा ३१६ घ्या. त्यात मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे खाऱ्या हवेत ते जास्त टिकतं. लोहचुंबक लावून दोन्हींतला फरक कळत नाही, म्हणून बिलावर ग्रेड लिहून घ्या. सांधे बुजवायचं सिलिकॉन न्यूट्रल क्युअरचं, म्हणजे सुकताना आम्ल न सोडणारं, हवं. व्हिनेगरसारखा वास येणारं ॲसिटिक सिलिकॉन धातू खातं.

काचेची ऑर्डर टाइल्स लागल्यावरच. टफन्ड काच भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. त्यामुळे रुंदी खाली, मध्ये आणि वर अशा तीन ठिकाणी मोजायची, ओळंबा सोडून भिंत किती कलली ते लिहून ठेवायचं. माझ्याकडे गिलाव्यावरच वर-खाली ७ मिमीचा फरक आहे. गवंडीकाका तो टाइलखालच्या मसाल्यात काढणार आहेत. २ मिमीच्या आत आला तर काच सरळ कापून घेईन, नाहीतर स्थिर काचेची भिंतीकडची कड त्या कलाप्रमाणे तिरपी कापून मागवीन.

दाराखालून पाणी बाहेर येऊ नये म्हणून लावायच्या तळाच्या पट्टीचं अजून ठरत नाहीये. विहिरीच्या पाण्यात लोह असेल, तर पारदर्शक पीव्हीसीची पट्टी तांबूस पडते. तुमच्याकडे विहिरीचं पाणी वापरून कुठली पट्टी दोन पावसाळे टिकली असेल, तर नक्की सांगा.