पुस मॉथ १:२४, नोंद चौथी: चाकांचे पाय आणि जुहूची जमीन

पुस मॉथ या जुन्या छोट्या विमानाचं १:२४ मापाचं, म्हणजे मूळच्या चोविसाव्या भागाएवढं मॉडेल मी करतोय. त्याचे पंख बसले. टोकापासून टोकापर्यंत ४६.७ सेंमी, म्हणजे मूळच्या ११.२ मीटरला अगदी बरोबर. पण या तीन आठवड्यांतला बहुतेक वेळ खाल्ला तो चाकांच्या पायांनी.

पुस मॉथमध्ये एक सुंदर सोय होती. पायाच्या मुख्य दांड्यावरचं चपटं आवरण वैमानिक आतूनच ९० अंशांत फिरवू शके. एरवी वाऱ्याला धार दाखवणारं ते आवरण उतरताना आडवं व्हायचं, वारा अडवायचं आणि वेग मोडायचं. मला ते मॉडेलमध्येही फिरायला हवं होतं. बाल्सा, म्हणजे मॉडेलचं हलकं लाकूड, दोनदा चिरला. तिसऱ्यांदा पातळ प्लायवूड घेतलं, आत अर्ध्या मिलिमीटरची पितळी तार घातली, आणि आता ते नखाने हलकेच फिरतं. त्या रात्री किती तरी वेळ मी ते नुसतं फिरवत बसलो होतो.

नोंदणीची अक्षरं व्हीटी-एडीएन, दिवस १५ ऑक्टोबर १९३२. टाटांच्या हवाई टपालसेवेचं ते पहिलं उड्डाण. कराचीतून जेआरडी टाटा निघाले, तो प्रसंग देखाव्यात बरेच जण करतात. मी मुद्दाम जुहू निवडलं. अहमदाबादला बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतलं पेट्रोल भरून जेआरडी दुपारी तिथे उतरले आणि टपाल नेव्हिल विन्सेंट यांच्या हाती आलं. बेल्लारीला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी मद्रास गाठलं ते विन्सेंट यांनी. मुळात ही टपालसेवेची योजना घेऊन जेआरडींकडे आले होते तेच. आरएएफमधला, म्हणजे ब्रिटिश हवाई दलातला हा वैमानिक भारतात आला आणि इथल्या हवाई टपालाचा पाया घालून गेला. १९४२ मध्ये हडसन विमानाच्या प्रवासात त्यांचा अंत झाला. आपल्याकडे त्यांचं नाव इतकं कमी का घेतलं जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून माझ्या देखाव्यात जेआरडी विमानातून उतरताहेत आणि विन्सेंट पुढे येऊन उभे आहेत. माणसं साडेसात सेंमीच्या आतबाहेर. टपाल २५ किलोच्या आसपास होतं, तेव्हा पिशव्यांचा ढीग लावायचा नाही. जुन्या धोतराच्या कापडाच्या दोनच शिवल्यात.

जमिनीचं काम सुरू आहे. पावसाळ्यात जुहूवर पाणी साचायचं, तेव्हा ही विमानं आमच्या पुण्यात उतरायची. ऑक्टोबर म्हणजे जमीन नुकती वाळलेली. प्लास्टरमध्ये फेविकॉल कमी ठेवला की वाळताना बारीक भेगा पडतात. पहिला तुकडा काल उन्हात ठेवलाय.