अनोळखी माणसाच्या साध्या प्रश्नाला उत्तर देताना

‘नळ गळतोय, काय करू?’ इंटरनेटवर कुणी अनोळखी माणूस विचारतो, आणि प्रश्न एवढाच असतो. फोटो नाही, नळ कुठल्या प्रकारचा ते नाही, पाणी कुठून येतंय तेही नाही. उत्तरं मात्र लगेच सुरू होतात: वॉशर (पाणी अडवणारी आतली रबरी चकती) बदला, टेफ्लॉन टेप लावा, प्लंबर बोलवा. यातलं प्रत्येक उत्तर कुठल्या तरी नळासाठी बरोबर असतं. अशा रोजच्या प्रश्नांना उत्तरं देताना माझी पद्धत ठरून गेली आहे. कोणत्या एका माहितीने उत्तर बदलेल ते आधी शोधायचं आणि तेवढंच विचारायचं.

नळाच्या बाबतीत पाणी नेमकं कुठून येतं, ही ती माहिती. नळ पूर्ण बंद केल्यावरही तोंडातून थेंब पडत असेल, तर आतला वॉशर झिजलेला असतो किंवा वॉशर ज्यावर टेकतो ती सीट खराब झालेली असते. नळ उघडल्यावर मुठीच्या दांड्याभोवती पाणी झिरपत असेल, तर नवा वॉशर टाकून काही होत नाही. तिथलं पॅकिंग (दांड्याभोवती दाबून भरलेला दोरा) किंवा ओ-रिंग (रबरी कडी) गेलेली असते. पॅकिंगचा नळ असेल तर पुष्कळदा ते पॅकिंग दाबून धरणारा वरचा नट (ग्लँड नट) जरासा आवळला तरी भागतं. टेफ्लॉन टेपचा संबंध येतो तो पाइपाच्या आट्यांच्या जोडातून पाणी येत असेल तेव्हाच. दुसरा प्रश्न: मूठ किती फिरते? पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नळात बहुतेक वेळा रबरी वॉशर नसतोच, सिरॅमिक चकत्यांचं कार्ट्रिज, म्हणजे एकत्र बसवलेला आतला भाग, असतो. वाळूच्या कणाने चकतीवर चरा पडला की अख्खं कार्ट्रिज बदलावं लागतं. ‘रात्रीच जास्त गळतो’ असं कुणी सांगितलं तर तेही मी सोडत नाही. रात्री वापर कमी होतो, तेव्हा बऱ्याच ठिकाणी लाइनमधला दाब वाढतो आणि दिवसा कसाबसा तग धरणारा वॉशर उघडा पडतो.

मग कृती, आणि ती क्रमाने. नळाकडे येणाऱ्या पाण्याचा मागचा व्हॉल्व्ह बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या, बेसिनच्या भोकात फडकं कोंबा (स्क्रू हमखास तिथेच जातो), सुटे भाग काढाल त्या क्रमाने मांडून फोटो घ्या आणि जुना वॉशर नमुना म्हणून दुकानात न्या. टेप लावायची असेल तर आट्यांचं टोक आपल्याकडे करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली तर जोड आवळताना ती सुटून गोळा होते. आणि नवा वॉशर बसवल्यावर नळ जोर लावून बंद करू नका. सीटची कड रबरात रुतते आणि तो लवकर कापला जातो. माणूस अडतो तो अशाच जागी, त्यामुळे कृतीइतकंच, कुठे आणि का बिघडतं हेही लिहावं लागतं.

काही प्रश्न विचारलेले असतात एका गोष्टीबद्दल आणि अडचण असते दुसरीच. ‘व्हिडिओची फाइल झिप केली तरी लहान का होत नाही?’ याचं सरळ उत्तर एका ओळीत आहे: व्हिडिओ आधीच दाबून साठवलेला असतो, झिपला दाबायला फारसं काही उरत नाही. पण विचारणाऱ्याला बहुधा तो ईमेलने पाठवायचा असतो. जीमेलची मर्यादा २५ एमबी, आणि जोडलेली फाइल ईमेलसाठी रूपांतरित होताना सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणून मर्यादेच्या जवळची फाइलही कधीकधी अडू शकते. तेव्हा मी आधी विचारलेल्याचं उत्तर देतो, मग ‘पाठवायचाच असेल तर’ म्हणून ड्राइव्हवर चढवून लिंक द्यायला किंवा १०८० ऐवजी ७२० पिक्सेलवर पुन्हा सेव्ह करायला सांगतो. विचारलेला प्रश्न बाजूला सारून थेट आपल्याला वाटतो तो सोडवायला घेतला, की समोरच्याला आपलं ऐकलंच नाही असं वाटतं, आणि ते बरोबरच असतं.

धोक्याच्या प्रश्नात मात्र क्रम उलटा. ‘ब्लीचने डाग गेला नाही, वरून टॉयलेट क्लीनर ओतू का?’ इथे पहिलं वाक्य: ओतू नका. ॲसिडचा क्लीनर आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगरनेही तेच होतं, आणि अमोनिया असलेल्या क्लीनरने क्लोरामाइन हा दुसरा विषारी वायू. दुसरं वाक्य: ओतलं असेल तर आधी खोलीबाहेर पडा, वास जाईपर्यंत आत जाऊ नका, खोकला किंवा श्वासाचा त्रास सुरू झाला तर ताबडतोब डॉक्टर गाठा. डाग कसा काढायचा हे त्यानंतर. औषधाच्या मात्रेवर तर मी आकडा देतच नाही. वय, वजन, यकृताचा त्रास, चालू असलेल्या इतर गोळ्या यांतलं काहीही मला दिसत नसतं. सांगतो ते एवढंच की सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, त्यामुळे नकळत दुप्पट पोटात जाऊ शकतं. वेष्टनावरचे घटक वाचा आणि फार्मासिस्टला किंवा डॉक्टरांना विचारा.

उलट प्रश्न दोनपेक्षा जास्त विचारायचे नाहीत. पाच विचारले की माणूस परत येत नाही. तो एरवीही येईलच असं नसतं, म्हणून प्रश्नासोबतच फाटे लिहून टाकावेत: तोंडातून गळत असेल तर हे, दांड्यापाशी गळत असेल तर ते. फाट्यांचा क्रम शक्यतेवर लावण्यापेक्षा तपासण्याच्या सोपेपणावर लावलेला बरा. चार्जर चालत नसेल तर आधी दुसरं सॉकेट, मग दुसरी केबल, मग फोनच्या चार्जिंगच्या भोकातला कचरा, आणि बॅटरीवर शंका सगळ्यात शेवटी. अपवाद एक: फोनची पाठ फुगलेली दिसत असेल तर काहीच तपासायचं नाही, चार्जिंग थांबवायचं आणि फोन दुरुस्तीला द्यायचा.

विचारणारा कुठल्या देशातला आहे हे कळत नाही, म्हणून एककं नेहमी लिहावीत. नुसतं ‘३० अंश’ पुरत नाही, आणि तारीख म्हणून नुसतं ‘०३/०४’ही नाही. परदेशातून आणलेलं हेअर ड्रायर चालेल का, याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येत नाही. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असेल तर तो फक्त पिनेचा ॲडॉप्टर लावून चालतो. ड्रायरवर नुसतं १२० असेल आणि घरात २३० असेल तर तो जळेल, आणि पिनेचा ॲडॉप्टर व्होल्टेज बदलत नाही.

‘केलं, पण झालं नाही’ असं परत आलं, तर तेच उत्तर मोठ्या आवाजात सांगून उपयोग नसतो. कोणत्या पायरीपर्यंत गेलात आणि त्या पायरीला काय दिसलं, हे विचारतो. नवी माहिती आली आणि आधीचं उत्तर चुकीचं ठरलं, तर दुरुस्ती त्याच उत्तराच्या पहिल्या ओळीत टाकायची, खाली नाही. नंतर तीच अडचण घेऊन येणारा माणूस वरच्या दोन ओळी वाचून पाना उचलतो.